बिनधाग्यांचा रस्ता

नवरा-बायकोनं अबोला धरला की घरातल्या तिसऱ्या माणसाचे हाल होतात म्हणतात. इथं तिसऱ्या होत्या सासूबाई, आणि त्यांचे हाल वगैरे काही नव्हते. उलट बऱ्याच दिवसांनी त्यांच्या हाताला काम मिळालं होतं. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरून परत आत त्या निरोप पोचवत होत्या, आणि नुसते पोचवत नव्हत्या, वाटेत त्यात मीठमसालाही घालत होत्या.

"अरे, ती म्हणतेय, गॅस संपत आलाय. आणि म्हणतेय, तू वाळलास फार."

"सूनबाई, तो म्हणतोय, डबा भरलास का? आणि कालची भाजी झकास झाली होती म्हणतोय."

दोन्हीकडची दुसरी वाक्यं म्हातारीच्या पदरची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जेवणाला झकास म्हणायची त्या माणसाची जीभ कधी उचलली नव्हती. सून मनातल्या मनात म्हणायची, भाजी राहू दे, एक गोष्ट तोंडानं सांगितली असती तरी पुष्कळ होतं.

ती गोष्ट अशी. नवरा-बायको दोघंही एकाच रस्तेकंपनीत कामाला. ती डांबर प्लांटच्या केबिनमध्ये बसून मिक्सर चालवायची. खडी तापवायची, डांबर सोडायचं, घाणा काढून ट्रकमध्ये ओतायचा. तो रस्त्यावर, डांबराचा माल पसरणाऱ्या यंत्राच्या, पेव्हरच्या, मागच्या पायरीवर उभा असायचा. यंत्राच्या तापत्या पट्टीखालून माल किती जाड पडतोय, कुठं कमी होतोय, कुठं ओरखडा येतोय, सगळं त्याच्या हातात. लोक त्याला मिस्त्री म्हणत आणि तिला वहिनी. बायको रांधते न् नवरा वाढतो, अशी चेष्टाही करत.

कंपनीचं इथलं काम संपत आलं होतं. दुसरं मोठं काम होतं, पण लांब, दोन वर्षांचं, वर्षातून एकदा सुट्टी, मधेच सोडून यायची सोय नाही. मुकादमानं टोळीला उभं करून विचारलं, कोण कोण येतंय? आणि सगळ्यात आधी हात वर झाला तो मिस्त्रीचा. तिला हे कळलं कुणाकडून, तर पैलवानाकडून. पैलवान म्हणजे ट्रक ड्रायव्हर, काडीसारखा माणूस, फुंकर मारली तर उडेल. ट्रक वजनकाट्यावर लावून खिडकीतून तोंड काढून तो म्हणाला, "काय वहिनी, मिस्त्री तुम्हाला टाकून चालले म्हणे!"

आता तुम्हीच सांगा, कुठल्या बाईच्या तळपायाची आग मस्तकाला जाणार नाही? जायचं ते जा, पोटासाठी माणसं जातातच. पण बायकोला कळावं ते परक्या माणसाच्या तोंडून, तेही काट्यावर, चार ट्रकवाल्यांच्या देखत! ती घरी आली आणि तिनं तोंडाला कुलूप लावलं. त्यानंही 'काय झालं' म्हणून विचारलं नाही. बस्स, तिथून अबोला.

तरी एक आशा होती. ट्रक डेपोकडून पुलाकडे उतरणारा मोठा उतार होता. भरलेले ट्रक तिथं ब्रेक दाबत उतरायचे आणि डांबराला वळ्या पडायच्या, चादर सरकावी तशा. मग भेगा, मग खड्डे. दरवर्षी खरवडायचं, दरवर्षी घालायचं. रस्ते खात्याच्या साहेबानं ठरवलं की या खेपेला डांबरात धागे घालून बघायचे. आधी एक तुकडा करायचा. तो मनासारखा झाला तर सगळा उतार आणि पुढचा पुलापर्यंतचा रस्ता याच कंपनीला. म्हणजे दीड-दोन वर्षांचं काम, घरापासून हाकेच्या अंतरावर. मग मिस्त्रीला कुठं जायला नको. तुकडा फसला तर मात्र टोळी उठली आणि तो गेलाच.

म्हणून ती बोलत नसली तरी मनातून त्या धाग्यांनाच हात जोडून बसली होती.

धागे आले खोक्यांतून. पिवळट, बोटाच्या दोन पेरांएवढे, पातळ प्लॅस्टिकच्या पुड्यांत भरलेले. सगळ्यांनी हाताळून बघितले. मुकादम म्हणाला, "रस्त्याला केस लावून द्यायचेत होय? मग तेलपण लावू!" साहेब तरुण होता, पण चिडका नव्हता. तो हसला. मग म्हणाला, "मातीची भिंत लिंपताना मातीत भुसा कालवतात ना? का, तर वाळताना माती फाटू नये म्हणून. हे तसंच. भेग पुढं सरकायला लागली की धागे तिला धरून ठेवतात." एवढं सगळ्यांना पटलं.

मग तो केबिनमध्ये आला आणि तिला वेगळं बजावलं. "ताई, दोन गोष्टी. धागे आधी कोरड्या गरम खडीत पडू द्या, नीट पसरू द्या, आणि मगच डांबर सोडा. नाहीतर गोळे होतील. आणि दुसरं, मिक्सरवरची धूळ ओढणारी झडप तेवढा वेळ बंद ठेवा. धागे हलके असतात. पंखा ओढून नेईल."

"हो साहेब," ती म्हणाली. आणि हो म्हणाली ती मनापासूनच.

तुकड्याच्या दिवशी सकाळी पहिला घाणा काढला तेव्हा झडप बंद होती. पण पुड्या टाकायला मिक्सरची खिडकी उघडी ठेवावी लागत होती, आणि झडप बंद म्हटल्यावर तापलेल्या खडीची सगळी धूळ त्या खिडकीतून भसकन बाहेर आली ती खिडकीवरच्या गड्याच्या तोंडावर. "वहिनी, मेलो!" तो ओरडला आणि खोकत खोकत खाली बसला. हिनं झडप उघडली. इतकी वर्षं तेच करत आली होती ती. धूळ दिसली की झडप उघड, हे काय डोक्यातून थोडंच होतं, हात आपसूक जायचा. गड्याला पाणी दिलं, तोंडाला ओलं फडकं बांधायला लावलं. तेवढ्यात ट्रक येऊन लागले, वायरलेसवर मुकादम बोंबलायला लागला, माल कुठाय, माल कुठाय. पहिला घाणा मिक्सर धुवायचा म्हणून फेकून द्यायचाच होता, तो दिला फेकून. पुढचे सुरू केले. खडी, पुड्या, थांबायचं, डांबर, ट्रक. खडी, पुड्या, थांबायचं, डांबर, ट्रक. धागे डांबराच्या आधी पडतायत ना, यावर तिचं डोळ्यात तेल घालून लक्ष होतं. झडप उघडी होती ती उघडीच राहिली. आज एवढी छान हवा कशी, असंसुद्धा तिला वाटलं नाही, कारण रोज तशीच असायची.

दुपारी पैलवान रिकामा ट्रक घेऊन परत आला, खुशीत. "वहिनी, लोण्यासारखा चाललाय माल! सगळे म्हणत होते अडकेल, फाटेल. कसलं काय! केस दिसतसुद्धा नाहीत!"

साहेबानं मालाची उष्णता मोजली, जाडी मोजली, रिकामी खोकी बघितली. सगळं बरोबर. संध्याकाळी खात्याचे मोठे साहेब येऊन तुकड्यावरून चालून गेले. बूट घासून बघितले. म्हणाले, वा. कंपनीच्या मॅनेजरनं तर मुकादमाच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तो पुढं गेला. दोन दिवसांनी खात्यात बैठक आणि मग काम पक्कं, असं ठरल्यातच जमा झालं.

तिला वाटलं, आता तरी घरी गेल्यावर हा माणूस काहीतरी बोलेल. काही नाही. खाली मान घालून जेवला. नेहमीपेक्षा कमीच जेवला. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, तो म्हणतोय, फार आनंद झालाय." तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. कसला आनंद? सुतक पडल्यासारखं तोंड होतं. तेव्हा तिच्या मनात आलं, अस्सं! म्हणजे जायला मिळणार नाही म्हणून हे दुःख. घर नको, आई नको, मी तर नकोच नको. ती पाठ करून झोपली आणि उशी ओली झाली, ते त्याला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लांट बंद होता, साफसफाई होती. पंख्यानं ओढलेली धूळ जिथं साठते त्या पत्र्याच्या मोठ्या पेटीतून धूळ खाली ढकलणारा स्क्रू अडकला. फिटर सुट्टीवर. ती स्वतःच पाना घेऊन गेली, खालचं झाकण उघडलं आणि आत हात घातला.

हाताला लागलं ते मऊ लागलं. ओढलं तर हातभर लांब, पिवळट, धुळीनं माखलेला पुंजका बाहेर आला. मग दुसरा. मग तिसरा. ती ओढत राहिली आणि ते येतच राहिले. पायाशी ढीग झाला.

एकदम सगळं कळलं तिला. ती खिडकी, तो खोकणारा गडी, तिचा तो हात. मोठे साहेब ज्याच्यावर बूट घासून वा म्हणाले, त्या रस्त्यात धागे नव्हतेच. असले तर चार-दोन. बाकी सगळे तिनं पंख्याला खाऊ घातले होते. उतारावर घातलेला तो साधा रस्ता होता, दरवर्षी घालतात तसाच.

पहिला विचार काय आला, ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला विचार आला की हे पोत्यात भरावं आणि टाकून द्यावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. बैठक होईल, काम मिळेल, पुढच्या सगळ्या रस्त्याला झडप बंद ठेवू, धागे नीट घालू. कुणाचं काय बिघडलं? आणि हा इथंच राहील. तोंड पाडून का होईना, पण इथं राहील.

मग दुसरा विचार आला. तो तुकडा ऐन उतारावर होता. उन्हाळा आला की त्याला वळ्या पडणार, म्हणजे पडणारच. मग सगळे म्हणतील, बघा, धागे घालूनही फाटला, धाग्यात काही दम नाही. पुढचं काम तिथंच थांबवतील. आणि नुसतं इथलं नाही. तो तरुण साहेब हे सगळीकडे लिहून पाठवणार होता, लोक त्यावर विश्वास ठेवणार होते. एका झडपेपायी एवढं खोटं किती लांब जाईल, याचा तिला हिशेब लागेना.

तिनं एक पुंजका पिशवीत घातला आणि सरळ यार्डात गेली. मिस्त्री पेव्हरच्या खाली बसून पट्टीला चिकटलेलं डांबर खरवडत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पिशवी उपडी केली.

"अहो," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी हाच पहिला शब्द. "हे बघा."

त्यानं बघितलं. हे काय, कुठनं आलं, असं काहीच विचारलं नाही. खरवडणी खाली ठेवली आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"त्यात धागे नव्हते ते. काल दुसऱ्या ट्रकलाच कळलं. धागे असते तर माल जड चालला असता, पट्टीनं ओढ खाल्ली असती, फावडंवाल्यांनी शिव्या घातल्या असत्या. काल कुणी एक शिवी घातली नाही. तो काडीपैलवान लोणी लोणी करत होता ना? लोणीच होतं ते."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

त्यानं खरवडणी परत उचलली.

"अहो, मी विचारतेय! मला तर माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं न् तुम्ही तोंडाला चिकटपट्टी लावून बसलात? का?"

"का म्हणजे काय?" तो एकदम भडकला, आणि तो भडकलेला तिनं फार थोड्या वेळा बघितला होता. "मला नव्हतं जायचं म्हणून! मी बोललो असतो तर तुकडा तिथंच फेल झाला असता. मग मी चाललो असतो दोन वर्षं. कुणाला हौस आहे?"

"हौस नव्हती तर पहिला हात कुणाचा वर झाला?"

"हात वर नसता केला तर मागाहून जागा राहिली नसती. इथलं काम गेलं असतं न् तिथलंही गेलं असतं. आईचं औषध, घरभाडं, काय तुझ्या एकटीच्या पगारात?" त्याचा आवाज खाली आला. "आणि तुला आधी विचारायचं म्हटलं, तर तू रडली असतीस. तू रडलीस की माझा हात वर झाला नसता. म्हणून नाही विचारलं."

"काय माणूस आहात हो तुम्ही!" ती म्हणाली, आणि आता खरंच रडायला लागली. राग होता, आनंद होता, दोन्ही एकदम आलं आणि काही केल्या सुटं होईना. "हे एवढं आधी बोलायला काय झालं होतं? मी म्हणतेय, तुम्हाला घर नकोसं झालंय."

"वेडी आहेस का."

दोघं पेव्हरच्या सावलीत बसली. तो पुंजका मध्ये पडलेला. दोघंही त्याच्याकडेच बघत होती. शेवटी त्यानं विचारलं, "कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"मग?"

आता एवढं कळल्यावर तर तिचा पाय जास्तच जड झाला होता. मघाशी, जायला उतावीळ झालेल्या नवऱ्याला धाडायचं होतं. आता ज्याला जायचं नाही त्याला धाडायचं होतं. तरी ती म्हणाली, "मी साहेबाकडे जाणार आहे."

त्यानं मान हलवली. "मला वाटलंच. चल, मीही येतो. तुझ्या हातून चुकून झालं. मी जाणूनबुजून गप्प बसलो. ते तू नको सांगूस, मी सांगतो."

साहेबानं शेवटपर्यंत ऐकलं. पुंजका हातात धरून बोटांनी उलगडत बसला. मग म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं तुम्हाला." ती म्हणाली, "हो. सांगितलं होतं." मग तो मिस्त्रीकडे वळला आणि जे बोलला ते फार लागेल असं बोलला. मिस्त्रीनं ऐकून घेतलं. मॅनेजर तर नाचायचाच बाकी राहिला. "तोंड उघडायची काय गरज होती? राजा हरिश्चंद्र लागून गेलात?" त्याच दिवशी तिला काढून टाकायला निघाला होता, पण प्लांट चालवणारा दुसरा माणूस काय झाडाला लागलाय? म्हणून राहिली.

तुकडा खरवडून पुन्हा घालायचा, असं ठरलं. पण बैठक पुढं गेली, आणि किती पुढं, ते कुणी सांगेना. लांबच्या कामाची गाडी त्याआधी निघणार होती. इथं काम येईल की नाही याचा भरवसा नाही, तिथं नाव लागलेलं. मिस्त्री गेला. जाताना सासूबाईंना म्हणाला, "आई, हिला सांग," आणि मग स्वतःच थांबला आणि सरळ बायकोकडे बघून म्हणाला, "जपून राहा." सासूबाईंनी यात काही घातलं नाही. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या खेपेला तिनं खिडकीला जाड रबराचा पडदा लावून घेतला, नुसती पुडी जाईल एवढी फट ठेवली, आणि झडपेच्या लिव्हरला सकाळीच तारेनं बांधून टाकलं, म्हणजे हात गेला तरी हलायला नको. दुपारी पैलवान परत आला तो तणतणत.

"वहिनी, काय घातलंय काय यात? फावडं चालेना! सगळी टोळी तुमच्या नावानं खडे फोडतेय. नवीन मिस्त्री तर म्हणतो, असला चिवट माल जन्मात बघितला नाही!"

ती केबिनमधून उतरून खाली आली आणि त्या काडीपैलवानाचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अजून सांग. अजून काय काय शिव्या घातल्या?" त्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

या खेपेला साहेबानं रस्त्याचे नमुने काढून त्यातलं डांबर धुवून बघितलं, तेव्हा चाळणीवर धागे मिळाले, पुरेपूर मिळाले. बैठक झाली. उतार आणि पुलापर्यंतचा रस्ता, सगळं काम इथंच राहिलं. टोळीतले जे गेले नव्हते त्यांची चंगळ झाली.

तिनं लगेच नवऱ्याला फोन लावला. त्यानं सगळं खोदून खोदून विचारलं. पट्टीमागे माल कसा दिसत होता? सांध्यावर फाटला का? रोलर किती जवळ ठेवला होता? ती सांगत राहिली. काही तिला माहीत होतं, काही तिनं टोळीला विचारून ठेवलं होतं, त्याच्यासाठीच.

"म्हणजे काम मिळालं," तो शेवटी म्हणाला.

"मिळालं. तुमच्या पायरीवर दुसराच उभा असतो." "अहो, एक सांगू? त्या दिवशी पेव्हरपाशी मी बोलले नाही. मला तुम्ही इथं हवे होतात. फार हवे होतात."

पलीकडे मागं कुठलं तरी यंत्र धडधडत होतं. तो म्हणाला, "तेव्हा तसं म्हणाली असतीस, तरी साहेबाकडे गेलीच असतीस ना?"

तिनं डोळे पुसले.

"हो," ती म्हणाली. "गेलेच असते."